एक विद्यार्थिनी, अनेक परीक्षक: वॉर्डातल्या मूल्यमापनाच्या प्रकल्प नोंदी

14 जुलै 2025

प्राचार्यांची सही झाली, प्रकल्प सुरू. बी.एस्सी. नर्सिंग तिसरं सेमिस्टर, अॅडल्ट हेल्थ नर्सिंग, मेडिकल आणि सर्जिकल वॉर्डची पोस्टिंग. प्रश्न असा: एका विद्यार्थिनीचं वॉर्डातलं काम एकाहून जास्त जणांनी तपासलं तर तिला मिळालेल्या गुणांवर जास्त भरवसा ठेवता येतो का? आणि ते रोजच्या धबडग्यात जमतं का?

सध्याची पद्धत इथे लिहून ठेवते. पोस्टिंग संपली की सी.आय. (क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, वॉर्डात शिकवणाऱ्या) मॅडम स्टाफरूममध्ये बसून इव्हॅल्युएशनचे फॉर्म भरतात, सगळे एकाच बैठकीत. कोणी काय केलं ते आठवेल तसं. 50 पैकी गुण छत्तीस ते बेचाळीस एवढ्या पट्ट्यात दाटीवाटीने बसतात. विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला अंतर्गत आणि बहिःस्थ असे दोन परीक्षक एकत्र बसतात. 2021-22 पासून लागू झालेल्या इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या सेमिस्टर अभ्यासक्रमात ऑस्कीही आली, म्हणजे वेगवेगळ्या स्टेशनांवर कामं करून दाखवायची परीक्षा. म्हणजे परीक्षेच्या दिवशी कडेकोट बंदोबस्त, आणि बाकीचे महिने एका व्यक्तीच्या आठवणीवर.

मुलींना आणि वर्गातल्या दोन मुलांना सगळं समजावून संमती घेतली. या प्रकल्पातले आकडे इंटर्नलमध्ये धरले जाणार नाहीत, हे दोनदा सांगितलं. तरी मागच्या बाकावरून प्रश्न आलाच: "मॅडम, नक्की ना?"

18 जुलै

जुना फॉर्म घेऊन बसले. रकाने: वक्तशीरपणा, गणवेश, ज्ञान, कौशल्य, वृत्ती, सहकाऱ्यांशी वागणूक. प्रत्येकी 5 पैकी. मागच्या बॅचचे फॉर्म टेबलावर पसरले तर आडव्या ओळीत एकच आकडा धावताना दिसतो, चार, चार, चार, चार. जिच्या एप्रनला इस्त्री, तिचं ज्ञानही चार आणि कौशल्यही चार.

हे खूळ जुनं आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्ये लष्करी अधिकाऱ्यांना त्यांच्या वरिष्ठांनी दिलेले गुण तपासले होते. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव हे सगळे आकडे संशय यावा इतके एकमेकांना चिकटलेले निघाले. मनात माणसाचा एक ठसा आधी उमटतो आणि रकाने त्यावरून भरले जातात. या फॉर्मवर तिघी जणी बसवल्या तर तीन ठसे मिळतील, बाकी काही नाही. म्हणून परीक्षक वाढवण्याच्या आधी फॉर्म बदलायचा.

'वृत्ती' हा रकाना काढायला एका सहकारी मॅडमचा कडक विरोध. नर्सिंगमधून वृत्ती काढली तर उरलं काय, असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं, ती दिसते कशातून ते लिहू या. पडदा ओढला का. काय करणार आहोत ते पेशंटला सांगितलं का. पांघरूण काढण्याआधी विचारलं का. तासभर वाद झाला, शेवटी या तीन ओळी आत आणि वृत्ती बाहेर.

24 जुलै

पायऱ्या ठरल्या. आधार कॅथलीन बाँडी यांच्या 1983 च्या मोजपट्टीचा. तिची खुबी अशी की 'किती छान केलं' यापेक्षा 'किती सांगावं लागलं' यावर तिचा भर आहे. तिच्या पाच पायऱ्या आमच्या वॉर्डच्या बोलीत अशा उतरवल्या: काही सांगावं लागलं नाही आणि काम सुरक्षित, तर 5. एखादी आठवण करून द्यावी लागली, तर 4. अधूनमधून सांगावं लागलं पण हात लावावा लागला नाही, तर 3. सतत सांगत राहावं लागलं, थोडा हातही लावावा लागला, तर 2. काम थांबवलं किंवा आपणच पूर्ण केलं, तर 1.

इन्चार्ज सिस्टरना 'ज्ञान 5 पैकी किती' विचारलं तर त्या माझ्याकडे बघत राहतात. 'तुम्हाला किती वेळा बोलावं लागलं' विचारलं तर तारखेसकट सांगतात.

कामं पाच घेतली: व्हायटल्स (नाडी, श्वास, ताप, बीपी), इंजेक्शन, चालू सलाईनची काळजी, ड्रेसिंग आणि हँडओव्हर (पुढच्या पाळीला पेशंटची माहिती देणं). एक निरीक्षण पंधरा-वीस मिनिटांचं, शेवटी दोन मिनिटं मुलीशी बोलणं. हा साचा जॉन नॉर्सिनी यांच्या मिनी-सीईएक्सचा. 1995 मध्ये तो अमेरिकेत शिकाऊ डॉक्टरांसाठी मांडला गेला. नर्सिंगला तो सहज बसतो, कारण आपलं काम तुकड्यातुकड्यांनीच चालतं.

31 जुलै

इन्चार्ज सिस्टरांसोबत बैठक, मेट्रन मॅडमच्या खोलीत. मेडिकल वॉर्डच्या सिस्टर पहिल्यांदा बोलल्या: "मॅडम, तुमची मुलगी चुकायला लागली की मी तिचा हात धरते. तेव्हा फॉर्म कुठे शोधत बसू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या म्हणाल्या, सकाळच्या राउंडच्या वेळी आम्हाला विचारायचंच नाही. हे कबूल.

ब्रिटनमध्ये नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने 2018 मध्ये ही कामं तीन जणांत वाटली. वॉर्डात रोज शिकवणारी सुपरवायझर वेगळी, प्रत्यक्ष कामाचं मूल्यमापन करणारी असेसर वेगळी, आणि कॉलेजकडून बघणारी तिसरी. जी रोज शिकवते तिनेच शेवटचा निकाल देऊ नये, हा त्यामागचा विचार. आमच्याकडे स्टाफ सिस्टरला या कामाचा वेळ कुणी दिलेला नाही, पैसे तर नाहीतच. त्यांच्या चांगुलपणावर पद्धत उभी करायची तर फॉर्म अर्ध्या पानाचाच हवा, मराठीत, आणि तो सिस्टरांनी शोधायचा नाही, मुलीने स्वतः घेऊन जायचा. एवढं ठरवून उठलो.

5 ऑगस्ट

आज सगळ्या परीक्षकांना एकत्र बसवलं. स्किल लॅबमध्ये आधीच व्हिडिओ करून ठेवला होता: एक सी.आय. मॅडम विद्यार्थिनी झाल्या आणि इंट्रामस्क्युलर इंजेक्शन देताना ठरवून काही गोष्टी चुकवल्या. पेशंटला नाव विचारलं नाही, फक्त केसपेपर बघितला. सुईला टोपण परत लावलं. बाकी हात सफाईचा.

सगळ्यांनी न बोलता गुण लिहिले. एकाच व्हिडिओला 2 पासून 5 पर्यंत.

खरी मजा त्यानंतरच्या चर्चेत आली. कॉलेजच्या मॅडम पायऱ्यांचा क्रम बघत होत्या. वॉर्डच्या सिस्टर बघत होत्या की पेशंटला दुखलं का, औषध नीट गेलं का, हात थरथरला का. दोघींचं बघणं बरोबर, पण वस्तू वेगळी. टोपण परत लावण्यावर एकमत लगेच झालं, कारण खोलीतल्या दोघींना पूर्वी सुई टोचलेली होती. नाव विचारण्यावर मात्र झालं नाही. "आठ दिवस तोच पेशंट आहे, रोज काय नाव विचारायचं?" इथे मी आग्रह धरला. रात्रपाळीला बेड बदलतात, जमिनीवरच्या गादीला नंबर नसतो, एकाच आडनावाचे दोन पेशंट शेजारी शेजारी असतात. हे सगळं त्यांच्याच वॉर्डात घडतं आणि त्या ते माझ्यापेक्षा चांगलं जाणतात.

निष्पन्न: काही पायऱ्या लाल रेघेच्या. पेशंटची ओळख, अॅलर्जीची चौकशी, औषधाची मुदत, हाताची स्वच्छता, सुईची विल्हेवाट. यातली एक सुटली की बाकी कितीही सुंदर असो, 2 च्या वर जायचं नाही. दुसरा व्हिडिओ दाखवला तेव्हा आकडे बरेच जवळ आले.

12 ऑगस्ट

मेडिकल वॉर्ड तुडुंब. पावसाळ्याचे ताप, डेंग्यूचे संशयित, सर्पदंशाचे दोन. पहिल्या निरीक्षणांना सी.आय. मॅडम आणि एक स्टाफ सिस्टर एकाच वेळी बेडजवळ उभ्या होत्या. मुलगी थिजली, ते अपेक्षित होतं. पेशंटच्या मुलाने मात्र मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मॅडम, एवढ्या जणी आल्या, बाबांचं काही जास्त आहे का?"

तरीही एक गोष्ट या जोडीमुळेच कळली. मुलीने श्वसनाचा आकडा लिहिला, 22. सी.आय. मॅडम चार्टच्या बाजूला उभ्या होत्या, त्यांनी 4 दिले. सिस्टर पायथ्याशी होत्या. मुलगी छातीकडे बघतच नव्हती, नाडी मोजून झाल्यावर थेट आकडा लिहिला, हे त्यांना दिसलं. त्यांनी 2 दिले. पेशंटला न सांगता, मनगट तसंच धरून ठेवून पूर्ण मिनिट श्वास मोजायचा असतो. चार्टवर ओळीने 20 आणि 22 दिसतात, त्यातले किती मोजलेले असतात ते चार्टवरून कळत नाही. परीक्षक कुठे उभी आहे यावर गुण ठरू शकतो, म्हणून फॉर्मवर 'उभं राहायची जागा' अशी ओळ वाढवली.

उद्यापासून बेडजवळ एका वेळी एकच परीक्षक. जोडीने बघणं फक्त पडताळणीपुरतं, तेही पेशंटला आधी सांगून.

21 ऑगस्ट

जोडीच्या निरीक्षणांची आकडेमोड. एका मॅडमनी विचारलं, सरळ टक्के का काढत नाही? फळ्यावर काल्पनिक उदाहरण मांडलं. 100 निरीक्षणं. दोघी परीक्षक प्रत्येकी 90 वेळा 'जमलं' म्हणतात. 84 वेळा दोघीही 'जमलं', 4 वेळा दोघीही 'नाही जमलं', उरलेल्या 12 वेळा मतभेद. एकमत 88 टक्के, ऐकायला झकास. पण दोघी डोळे मिटून 90 टक्के वेळा 'जमलं' लिहीत बसल्या असत्या तरी 82 टक्के एकमत नुसत्या योगायोगाने झालं असतं. जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये मांडलेला 'कप्पा' नावाचा आकडा हा योगायोग वजा करतो: 0.88 वजा 0.82, भागिले 0.18. उत्तर 0.33. कप्पा किती म्हणजे एकमत किती पक्कं, हे सांगणाऱ्या लँडिस आणि कॉख यांच्या 1977 च्या तक्त्यात हे खालच्या पायऱ्यांवर बसतं.

आमचे आकडे पायऱ्यांचे असल्याने भारित कप्पा वापरला. 4 आणि 5 मधला फरक आणि 1 आणि 5 मधला फरक सारखा धरून चालत नाही. हँडओव्हर आणि ड्रेसिंगमध्ये जुळणी बरी. हाताच्या स्वच्छतेत वाईट. सलाईनमध्ये त्याहून वाईट.

26 ऑगस्ट

उद्या गणपती. निम्मा स्टाफ रजेवर, निरीक्षणं बंद. फॉर्म क्रमाने लावून ठेवले.

3 सप्टेंबर

हाताच्या स्वच्छतेचं कोडं सुटलं. कॉलेजच्या मॅडम सतत 2 देतात, वॉर्डच्या सिस्टर 4. जागतिक आरोग्य संघटनेने पाच क्षण सांगितले आहेत: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-स्रावाशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. कॉलेजच्या मॅडम पाचही धरतात. सिस्टरांच्या हिशेबात दुसरा आणि तिसरा. विचारलं तर सरळ उत्तर मिळालं: "हँडरबची बाटली नर्सिंग स्टेशनवर आहे. प्रत्येक बेडनंतर तिथपर्यंत जाऊन आलं तर संध्याकाळच्या गोळ्या रात्री होतील."

इथे मी थांबले. मी दोघींचे आकडे जुळवायला निघाले होते. पण समजा मी सिस्टरांना कडक व्हायला शिकवलं आणि आकडे जुळले, तर बाटली स्टेशनवरच राहते. परीक्षकांतला फरक इथे मुलीबद्दल काही सांगतच नाहीये, तो वॉर्डबद्दल सांगतोय. मुलगी कॉलेजात एक शिकते, वॉर्डात दुसरं बघते, आणि जी परीक्षक समोर असेल तिच्याप्रमाणे वागते. हुशारच म्हणायची.

मेट्रन मॅडमना पत्र दिलं: ड्रेसिंग ट्रॉलीला आणि औषधांच्या ट्रॉलीला एकेक बाटली.

यापुढे दोन पायऱ्यांहून जास्त फरक आला तर सरासरी काढायची नाही. दोन्ही आकडे ठेवायचे आणि खाली एक ओळ, फरक कशामुळे.

10 सप्टेंबर

पेशंटना विचारून पाहिलं. 'विद्यार्थिनीची सेवा कशी वाटली?' असं विचारलं की एकच उत्तर, "लई चांगली पोरगी." जिच्या हातात आपली सुई आहे तिला नावं कोण ठेवणार! आणि विचारणारीही एप्रनमध्येच. मग प्रश्न घटनेचे केले. गोळी देताना नाव विचारलं का? कशाची गोळी ते सांगितलं का? बेल वाजवल्यावर कोण आलं? याला लोक बिनदिक्कत खरं सांगतात. एक आजी तर रागावल्याच: "नाव कशाला विचारील? रोज माझ्याशी गप्पा मारते ती." मुलीच्या फॉर्मवर आजींचं उत्तर जसंच्या तसं उतरवलं. लाल रेघेलाही आणि संवादालाही एकाच वाक्यात पुरावा मिळाला.

17 सप्टेंबर

मुलींनी एकमेकींना दिलेले गुण: सगळ्यांना सगळे. होस्टेलवर एका खोलीत राहायचं असतं. हे गुण मोजणीतून बाहेर. एकमेकींना तोंडी सांगण्यापुरतं ठेवू. स्वतःच स्वतःला दिलेले गुण मात्र कामाचे निघाले, कारण परीक्षकाच्या आकड्यापासून ते जिथे फार लांब, तिथे बोलायला विषय मिळतो.

कुठल्याच फॉर्मवर नसलेली एक परीक्षक भेटली. वॉर्डातल्या मावशी. त्यांनी आपणहून सांगितलं की अमुक मुलगी बेडपॅन द्यायला कधी तोंड वाकडं करत नाही आणि लकवा झालेल्या पेशंटला कुशीवर वळवायला हाक मारली की येते. तिचे अधिकृत गुण मध्यम आहेत, कारण कुशीवर वळवणं आमच्या पाच कामांत नाही. प्रेशर सोअर (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम) टाळण्याचं सगळं शास्त्र त्या वळवण्यात आहे. सहावं काम म्हणून घेतलं.

25 सप्टेंबर

आज सगळ्यात उपयोगी आकडेमोड. परीक्षक किती हवेत? एका निरीक्षणाची विश्वसनीयता, म्हणजे त्या गुणावर किती भरवसा ठेवता येतो ते 0 ते 1 मध्ये, समजा 0.3 धरली, तर निरीक्षणं वाढवल्यावर ती किती वाढते ते सांगणाऱ्या स्पिअरमन-ब्राउनच्या सूत्राने चार निरीक्षणांची 0.63, सहांची 0.72, आठांची 0.77, दहांची 0.81 होते. पण ही वाढ मिळायची तर निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र हवीत. एकाच ड्रेसिंगला दोघी उभ्या राहिल्या तर परीक्षकाची मर्जी थोडी समतोल होते, पेशंट मात्र तोच, जखम तीच, सकाळ तीच. एका जखमेला जमलं म्हणून दुसरीला जमेल असं नसतं, हे वॉर्डात काम केलेल्या कुणालाही माहीत आहे. तेच दोन परीक्षक दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या पेशंटजवळ उभे केले तर तेवढ्याच मनुष्यबळात जास्त हाती लागतं.

रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीहून ऑस्की मांडली तेव्हाही गाभा हाच होता, अनेक स्टेशनं आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक. आपण त्यातले टेबल, टाइमर आणि घंटा उचलल्या. वॉर्डात तीच गोष्ट घंटेशिवाय करता येते.

ठराव: प्रत्येक मुलीची सेमिस्टरमध्ये आठ छोटी निरीक्षणं, किमान चार वेगळ्या परीक्षकांकडून, दोन्ही वॉर्ड मिळून.

4 ऑक्टोबर

अवघड बैठक. एका मुलीबद्दल. शेरे वाचले तर 'सलाईन बघत नाही', 'सांगितल्याशिवाय हलत नाही', 'औषधाचं प्रमाण विचारलं तर गोंधळते'. शेजारचे आकडे 3, 3, 4. शब्द नापास करतात आणि आकडे पास करतात. कॅथलीन डफी यांनी 2003 मध्ये ब्रिटनमधल्या नर्सिंग मेंटर्सशी बोलून हेच दाखवलं होतं: शंका असूनही लोक नापास करत नाहीत, उशीर झालेला असतो, कागद पुरा नसतो, आणि मुलीचं नुकसान आपल्या हातून नको वाटतं. आमच्या खोलीतही तेच ऐकू आलं. वडील नाहीत. आई शेतमजुरीला जाते. कर्ज काढून शिकतेय.

अनेक परीक्षक असले की एकीवर वाईटपणा येत नाही, हा फायदा मी प्रस्तावातच लिहिला होता. आज त्याची दुसरी बाजू दिसली. प्रत्येकीला वाटलं, पुढची कुणीतरी अडवेल. म्हणून आता नियम: लाल रेघ ओलांडली की त्याच दिवशी समन्वयकाला कळवायचं, आणि आठवड्याच्या आत वेगळ्या परीक्षकाने तेच काम पुन्हा बघायचं.

14 ऑक्टोबर

त्या मुलीचं पुन्हा निरीक्षण, सर्जिकल वॉर्डात. 500 मिली सलाईन 8 तासांत, सेट 20 थेंबांचा, म्हणजे 1 मिलीला 20 थेंब. कागदावर तिने बरोबर काढलं: 500 गुणिले 20, भागिले 480, म्हणजे मिनिटाला 21 थेंब. मग बेडजवळ गेली आणि घड्याळाकडे न बघता सलाईनचा वेग ठरवणारा रोलर अंदाजाने फिरवून मोकळी झाली.

जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये जो पिरॅमिड मांडला, त्यात 'कसं करायचं ते माहीत आहे' आणि 'प्रत्यक्षात करते' यांच्या मधली पायरी 'करून दाखवते' ही आहे. ही मुलगी दाखवायला सांगितलं तर दाखवेलही. पण वॉर्डात तिने कधी कुणाला थेंब मोजताना पाहिलं आहे का? सलाईनच्या रकान्यात सगळ्यात वाईट जुळणी का होती, तेही इथे समजलं: स्टाफच डोळ्याने रोलर लावतो, आणि ते 'चालतं' म्हणून 4 मिळतात. परीक्षक सिस्टर प्रामाणिक. म्हणाल्या, "मॅडम, मी तरी कुठे मोजते? पण हार्टच्या पेशंटला मोजते." मग वॉर्डातल्या हृदयविकाराच्या दोन पेशंटच्या सलाईनचे थेंब त्या दोघींनी मिळून मोजले. मुलीला 2 मिळाले, कारण लिहून मिळालं, आणि दोन आठवडे त्याच सिस्टरांकडे नेमलं.

7 नोव्हेंबर

दिवाळीनंतर पहिली बैठक, अंतिम मसुदा. इंटर्नलच्या फॉर्मवर प्रत्येक मुलीसाठी एकच चौकोन आहे, तो बदलणं आमच्या हातात नाही. ही पद्धत लागू झाली की त्या चौकोनात आठ निरीक्षणांची सरासरी जाईल (या प्रकल्पातले आकडे नव्हे). फरकाच्या ओळी आणि लाल रेघांचा कागद मुलीच्या फाइलमध्ये राहील आणि पुढच्या सेमिस्टरच्या सी.आय.ला मिळेल. पेशंटची उत्तरं सरासरीत नाहीत, फाइलमध्ये आहेत. सहकाऱ्यांचे गुण कुठेच नाहीत. वृत्तीच्या मॅडमनी त्यांचा रकाना पुन्हा मागितला; तीन ओळींच्या पाच केल्या, रकाना दिला नाही.

औषधांच्या ट्रॉलीला बाटली लागली. ड्रेसिंग ट्रॉलीला अजून नाही, स्मरणपत्र पाठवलं.

मेडिकल वॉर्डच्या दोन सिस्टरांची बदली झाली. नव्या येतील त्यांना पोस्टिंग सुरू होण्याआधी व्हिडिओ दाखवून गुण द्यायला लावायचे, नाहीतर पुन्हा 2 ते 5. फॉर्मच्या झेरॉक्सचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा, ते ऑफिसात विचारून घ्यायचं.